प्रकरण चौदा : टाकीमागची तीन झाडं

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी पूर्णिमानं नववी 'ब'च्या भिंतीवर व्यसनमुक्ती सप्ताहाचा तक्ता लावायला घेतला, आणि चौथी टाचणी टोचता टोचता तिचा हात थांबला. तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात एका पानाचं रंगीत चित्र होतं. सात बोटं पसरलेला पंजा असावा तसं पान, कडांना करवतीचे दाते. खाली ठळक अक्षरांत छापलं होतं : गांजा. ओळखा आणि दूर राहा.

ओळखायला तिला मुळीच वेळ लागला नाही. गेले चार महिने ती ह्याच पानांच्या शेजारी घरातल्यांचे कपडे वाळत घालत होती.

"बाई, तक्ता तिरका झालाय," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"होऊ दे," पूर्णिमा म्हणाली. "व्यसनं सरळ नसतातच."

कसब्यातल्या शाळेतून विश्रांतवाडीला पोचेपर्यंत बसमध्ये तिनं मनाची बरीच समजूत घातली. चित्रं काय, सगळी सारखीच दिसतात. अंबाडीचं पानही असंच असतं की. पण घरी आल्यावर चपला न काढताच ती जिना चढून वर गेली.

इंगोल्यांचं घर एकमजली होतं, पण गच्ची तालेवार. तिचे सासरे कोंडीराम इंगोले वाशीमकडून पुण्यात आले, तीस वर्षं कारखान्यात फिटर होते, आणि निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी गच्चीचा ताबा घेतला. तेलाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या, भंगारातली लाकडी खोकी, जे मिळेल त्यात माती भरली. त्यात वांगी होती, मिरच्या होत्या, कठड्यावरून शेजाऱ्यांच्या हद्दीत लोंबणारा दोडका होता. आणि पश्चिमेच्या भिंतीला ओळीनं आठ निळे ड्रम, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा. एक नंबरात शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन. चार नंबरात मासळीबाजारातून आणलेली डोकी न् शेपट्या गुळात मुरत घातलेल्या. सातमध्ये केळ्याच्या साली, आणि बाकीच्यांत काय होतं ते विचारायची कुणाची छाती नव्हती. दुकानातल्या खताची चिमूटसुद्धा त्या गच्चीवर कधी चढली नव्हती. झाडाला घरचंच जेवण पाहिजे, असं कोंडीरामांचं म्हणणं.

पूर्णिमा कसब्यातल्या तांबट आळीतली. जन्मल्यापासून कानाशी हातोडे वाजत आलेले, त्यामुळे आवाजाचं तिला कधी काही वाटलं नाही. वासाचं मात्र वाटे. माहेरचं कुणी आलं, की दारातच "गटार तुंबलंय का गं?" असं विचारी, आणि पूर्णिमा सांगे, "नाही, सासरे रिटायर झालेत."

आत्ता सासरे काठीनं चार नंबर ढवळत उभे होते. ती त्यांना ओलांडून पाण्याच्या टाकीमागे गेली. तिथं तीन झाडं होती. दोन तिच्यापेक्षा कितीतरी उंच, तिसरं त्यांच्यापेक्षा जरा ठेंगणं, तिन्हींना शेंड्याशी हिरवे दाट तुरे आलेले. तिनं एक पान हातात धरून बोटं मोजली. सात.

"बाबा, हे काय आहे?"

"कोणतं?"

"ही अंबाडी."

"अंबाडी हाय असं मी कधी म्हटलं?"

पूर्णिमा आठवू लागली. खरंच की. जूनमध्ये कोंब वर आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, अंबाडी दिसते. मग तिचा नवरा आनंद म्हणाला, मग तिनं स्वतः शेजारणीला सांगितलं, आमच्याकडे अंबाडी लावलीय. दोनदा तिनं भाजीसाठी पानं मागितली, तेव्हा सासरे फक्त एवढंच म्हणाले होते, "थे भाजीचं नाही." कोंडीराम खोटं बोलत नसत. कारखान्यात एका सदोष भागावर 'पास' असं लिहायला नकार दिला म्हणून त्यांची बढती सहा वर्षं अडकली होती. ती गोष्ट घरात सणासुदीला हटकून निघे.

"मग आहे तरी काय?"

"गांजा," कोंडीराम म्हणाले. कोथिंबीर म्हणावं तसे.

मग त्यांनी सगळं सांगितलं, काठी न थांबवता. त्यांची थोरली बहीण मथुराबाई जूनमध्ये गावाहून आली, ती येताना पुरचुंडीत बी घेऊन आली. गावाकडे तिच्या कुंपणाच्या कोपऱ्यात एखादं झाड असायचंच. ती त्याचा पाला तिळाच्या तेलात कढवून गुडघ्यांना लावी. "बाईनं मले मायेवानी वाढवलं. तिचं बी म्या फेकून देऊ?" शिवाय खतांची परीक्षा घ्यायची सोय त्यांच्या हातात आपसूक आली होती. ह्या झाडासारखं खादाड झाड त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणून पहिल्याला चार नंबरातलं मासळीचं खत, दुसऱ्याला एक नंबरातलं शेणाचं, आणि तिसऱ्याला नुसतं पाणी. दर सोमवारी माप. खिशातून त्यांनी वही काढली. "वांगं लबाड असते, पोरी. कमी खाऊनही फळ देते न् आपल्याले वाटते आपलं खत भारी. हे झाड जेवढं खाईन तेवढंच वाढते. मासळीवाल्यानं नऊ फूट गाठले."

"बाबा, रविवारी पोलीस यायचेत."

"माहीत हाय."

"दिगूभावजींच्या पासपोर्टच्या चौकशीला. आपल्या घरी."

"माहीत हाय ना. थे पासपोर्टासाठी येऊन राह्यले, झाडं पाहायले थोडेच?"

पण काठी थांबली होती.

*

ही गोष्ट पोटात ठेवणं पूर्णिमाला शक्य नव्हतं. तिनं ती नवऱ्याला सांगितली, नवऱ्यानं भावाला, आणि शनिवारी दुपारी सगळे पुढच्या खोलीत जमले.

दिग्विजय, सगळ्यांचा दिगू, बसायलाच तयार नव्हता. दोन हजार साल उजाडताना जगातले संगणक बंद पडणार म्हणून त्याच्या कंपनीनं दोन वर्षं त्याला रात्रंदिवस राबवलं होतं. संगणक बंद पडले नाहीत, आणि बक्षीस म्हणून कंपनी त्याला न्यू जर्सीला पाठवत होती. त्या वर्षी पुण्यात ज्याला त्याला अमेरिकेला जायचं होतं. फरक एवढाच, की दिगूला खरोखरच कुणीतरी बोलावलं होतं.

"बाबा, धिस इज अ क्राइम. गुन्हा आहे. तुम्हाला आत टाकतील, आणि माझा पासपोर्ट कायमचा बोंबलेल. तुम्हाला कळतंय का?"

"कळते," कोंडीराम म्हणाले.

"मग का लावलंत?"

"बाईनं दिलं."

सगळ्यांच्या नजरा दिवाणाकडे वळल्या. मथुराबाई तिथं एक पाय लांब करून बसली होती. वय चौऱ्याहत्तर, आवाज पंचविशीतला. जूनमध्ये आठ दिवसांसाठी आलेली; परत कधी जाणार हे विचारायचं धाडस अजून कुणी केलं नव्हतं.

"माह्याकडे काय पाहून राह्यले? आमच्या इकडे गाईचं पोट बिघडलं का पाला चारत. कोणी पोलीस नाही आला गाईले धरायले."

"आत्या, इथं गाय नाहीये," आनंद हळूच म्हणाला. पूर्णिमाचा नवरा बँकेत होता आणि प्रत्येक गोष्टीचा दोन्ही बाजूंनी विचार करी, त्यामुळे त्याचा विचार सहसा पुरा होत नसे. "म्हणजे, दिगूचंही बरोबर आहे. बाबांचंही..."

"बाबांचं काय बरोबर आहे, दादा?"

"तेच बघतोय."

द्वारकाबाई, म्हणजे सासूबाई, इतका वेळ तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "चार महिने! चार महिने म्या साऱ्या गल्लीत सांगत फिरले, अंबाडी लावली म्हणून. पानं मागायले आल्या तर देतो म्हणून बसले. दिली असती तर? साऱ्या गल्लीनं खाल्ली असती ना बाप्पा!" त्या दिगूच्या बाजूनं होत्या हे उघड झालं. "आजच्या आज काढा. बाईले वाईट वाटो का चांगलं."

"गुडघा दुखते माहा, द्वारके. तुहा नाही दुखत."

"आत्या," पूर्णिमानं विचारलं, "त्या तेलानं दुखणं खरंच थांबतं?"

मथुराबाईनं थोडा विचार केला. "थांबत नाही. पण गुडघा आपला वाटते."

मग दिगू पूर्णिमाकडे वळला. दीर-भावजयीची ह्या एका बाबतीत आठ वर्षांची युती होती. ड्रमांविरुद्ध जेवढी म्हणून आघाडी उघडली गेली, ती दोघांनी मिळून उघडली होती. "वहिनी, हीच संधी आहे. नुसती झाडं कशाला? ड्रमपण जाऊ देत. मित्राचा टेम्पो आहे, संध्याकाळपर्यंत सगळी गच्ची साफ. कुंड्यासुद्धा. तुलाही तो वास नकोच आहे ना? लोकांकडे टेरेस गार्डन असतं, आपल्याकडे उकिरडा आहे."

"दिगू," द्वारकाबाई म्हणाल्या. आवाज एकदम बदलला होता. "उकिरडा कोणाले म्हणतं? त्याच उकिरड्याची वांगी खाऊन तू इंजिनेर झाला. झाडं काढ म्हटलं म्या. त्यायच्या ड्रमाले हात लावायचा नाही."

"आई, आत्ता तर तू माझ्या बाजूनं होतीस!"

"होते."

आता निकाल पूर्णिमाच्या हातात आला होता. सगळे तिच्याकडे बघत होते, एकटे कोंडीराम सोडून. ते आपल्या नखांकडे बघत होते. नखांत काळी माती होती. आठ वर्षं पूर्णिमा ज्या दिवसाची वाट बघत होती तो दिवस आयता दारात चालून आला होता, नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आणि तिला एकदम आठवलं, की दोन महिने झाले, दिगूच्या अमेरिकेबद्दल सासरे एक अक्षर बोललेले नाहीत. एकही नाही. घरातल्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, की ते रागावलेत. नखांकडे बघणारा हा माणूस काही रागावलेला दिसत नव्हता.

"झाडं जातील," ती म्हणाली. "ड्रम राहतील."

"वहिनी!"

"अहो भावजी, डोकं चालवा. नऊ फुटी झाडं टाकणार कुठं? कचराकुंडीत टाकली तर सकाळी कचरावेचक बाया गोळा करतील. जाळली तर धूर आळंदी रोडपर्यंत जाईल, आणि पोलिसांना पत्ता विचारावा लागणार नाही. टेम्पोत घातली तर वाटेत पहिल्याच सिग्नलला उभी राहतील, शेंडे बाहेर. अख्ख्या पुण्यात एकच जागा आहे, जिथं काय टाकलं ते कुणाला दिसणार नाही, वास येणार नाही, आणि आला तरी कुणी वाकून बघणार नाही."

सगळ्यांनी एकदम छताकडे पाहिलं.

"बारीक चिरायची, आणि ड्रमात बुडवायची," पूर्णिमा म्हणाली. "चार नंबरात टाका. तिथं मासळी आहे."

मथुराबाईनं मांडीवर थाप मारली. "कसब्याची पोरगी हुश्शार हाय रे, कोंडू!"

कोंडीराम उठले. खोकले. "उद्या सकाळी. पण कापायच्या आधी माप घेईन मी."

*

पोलीस अकराला येणार होते. काम आठला सुरू झालं.

पूर्णिमानं पदर खोचून विळी घेतली. आनंद कोयता चालवत होता आणि प्रत्येक घावाआधी झाड कुणीकडे पडेल ह्याचा दोन्ही बाजूंनी विचार करत होता. दिगू इस्त्रीचा शर्ट घालून वर आला, एकदा सगळ्यांकडे पाहिलं, खाली गेला आणि वडिलांचं बनियन न् लुंगी चढवून परत आला. मथुराबाईला खुर्चीसकट वर आणलं होतं. तिनं कुणी न सांगता पानं ओरबाडायला सुरुवात केली.

"अशी नाही काठी धरत," कोंडीराम दिगूला म्हणाले. "सरळ धर. एकाच दिशेनं फिरव. उलटी-सुलटी केली का बिघडते."

"काय बिघडतं?"

"त्याच्यातले जीव गोंधळतात."

"बॅक्टेरिया दिशा बघून फिरतात?"

"तू फिरतं ना, कंपनी म्हणन तिकडे?"

दिगू हसला. पूर्णिमानं विळीवरून मान वर केली. बाप-लेकाला एकत्र हसताना तिनं कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना. थोड्या वेळानं दिगू विचारत होता, गूळच का, साखर का नाही, आणि बेसनाची काय गरज. कोंडीराम सांगत होते, गूळ त्या जिवांची भाकर, बेसन त्यांचं वरण. दिगूच्या कोपरापर्यंत मासळीचा रस आला होता. वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आता त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. साडेनऊपर्यंत दोन मोठी झाडं मुळासकट संपली. तिसऱ्याला हात घालायचा बाकी होता.

"आले वं!" खालून द्वारकाबाईंची हाक आली. "पोलीस आले!"

अकराचे साडेनऊ कसे झाले हे विचारायला वेळ नव्हता. आनंदनं कोयता पाठीमागे लपवला, मग लक्षात आलं तसा पुढं केला, मग खाली ठेवला. जिन्यावर बुटांचा आवाज आला आणि पाठोपाठ द्वारकाबाईंचा, "अहो साहेब, खाली बसा ना, वर घाण हाय!"

"घाण न्हाई वो मावशी. हा वास मी वळखतो." गच्चीच्या दारात एक हवालदार उभे राहिले. पन्नाशी उलटलेले, ढेरी बेतशीर, हातात कागदांची फाइल. त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. पूर्णिमाच्या आठ वर्षांच्या संसारात त्या गच्चीवर असा श्वास कुणी घेतला नव्हता. "शेण, गूळ... आन् मासळी? आरं तिच्या! कोन करतंय हे?"

"मी," कोंडीराम म्हणाले.

हवालदारांचं नाव सुखदेव. गाव सासवडकडं, घरी अंजिराची बाग, धाकटा भाऊ बघतो, पण त्याला औषधं फवारायची खाज. हे सगळं त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं. आणि बोलता बोलता वांगी बघितली, मिरच्या बघितल्या, दोडक्याला हात लावला. "वा वा," म्हणाले. ते जसजसे पुढं सरकत होते, तसतशी इंगोल्यांची अख्खी फौज त्यांच्याबरोबर सरकत होती. आणि मग ते टाकीला वळसा घालून मागं गेले.

तिथं त्यांनी तिसऱ्या झाडाचं एक पान बोटांत धरलं.

"हे काय हाय?"

बाबा सांगणार. हा माणूस कधीच खोटं बोलत नाही, आता एका शब्दात सांगून मोकळा होणार, आणि त्या एका शब्दापुढं पासपोर्ट, अमेरिका, अब्रू, सगळं जाणार. कोंडीरामांनी तोंड उघडलं होतं. पण त्यांच्या आधी दुसराच आवाज आला.

"माझं आहे," दिगू म्हणाला. "मी लावलंय."

लुंगी, बनियन, कोपरापर्यंत मासळी. पूर्णिमा त्याच्याकडे बघतच राहिली.

"अर्जदार तुम्हीच ना?" हवालदारांनी फाइल उघडली.

"हो. पण बाबांचा संबंध नाही. माझं आहे."

"साहेब, त्याचं ऐकू नका," आनंद पुढं आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं एकाच बाजूनं विचार केला असावा. "हा घरी असतो कधी? पाणी कोण घालणार? मी लावलं."

"अरे चूप बसा दोघंही!" खुर्चीतून मथुराबाई कडाडली. "बी माहं हाय. माह्या गावाहून आलं. धरायचं असन तर मले धर. पण खुर्चीसकट न्यावं लागन, सांगून ठेवतो."

द्वारकाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात पोचल्या होत्या. "घर माह्या नावावर हाय, साहेब. जे लिहायचं थे माह्या नावानं लिहा. चहा घ्या."

आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत पूर्णिमाचाच आवाज पूर्णिमाला ऐकू आला, वर्गात लागतो तसा ठणठणीत : "मी विज्ञान शिकवते. शाळेत व्यसनमुक्ती सप्ताह आहे. नमुना म्हणून लावलं होतं." नववी 'ब'ला खोटं बोलू नका म्हणून तिनं किती वेळा सांगितलं असेल, त्याला गणती नव्हती.

हवालदार एकेकाकडं बघत होते. शेवटी कोंडीरामांकडं आले.

"हे सारे खोटं बोलून राह्यले, साहेब," कोंडीराम शांतपणे म्हणाले. त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता, जरा ओला होता. "झाड गांजाचं हाय. माती मी भरली, पाणी मी घातलं. तीन होती. दोन आज काढली, चार नंबरात हायत. ओढत कोणी नाही, विकलं नाही. ही वही. ह्याच्यात सारं लिहून हाय."

सुखदेव हवालदारांनी वही घेतली आणि उभ्या उभ्या चाळली. सोमवार, सोमवार, सोमवार. फूट, इंच, ड्रम नंबर. बऱ्याच वेळानं त्यांनी ती मिटली.

"तीस वर्सं नोकरी झाली माजी," ते म्हणाले. "गुन्हा एक आन् आरोपी सहा, हे पैल्यांदा बघतोय. येरवी आमाला एक घावत न्हाई." ते हसले नाहीत. "ह्यात आत जात्यात लोकं, बाबा. खरोखर जात्यात. तुमच्यासारखं म्हातारं मानूसबी सुटत न्हाई. म्हाईत हाय का?"

"हाय."

"आजी, बी उरलंय?"

मथुराबाईनं कनवटीतून पुरचुंडी काढली आणि आयुष्यभराची ठेव द्यावी तशी पुढं केली. हवालदार ती ड्रमात टाकायला निघाले, तसे कोंडीराम पटकन आडवे आले. "ड्रमात नका टाकू! खत साऱ्या कुंड्यायले जाते. साऱ्या गच्चीभर उगवन!"

"तव्यावर भाजते," द्वारकाबाईंनी पुरचुंडी ओढून घेतली. "काळी होईस्तोवर. मंग नाही उगवत."

हवालदारांनी फाइल पुढं धरली. "हा माजा फॉरम. अर्जदार हितं ऱ्हातो का, चालचलनूक कशी, गुन्हा दाखल हाय का. झाडाचा रकाना ह्यात न्हाई. पन मला डोळं हायेत. मी खाली बसून चा पितो. चा मी सावकाश पितो. परत वर येईन तवा हितं काय दिसता कामा नये, मुळीसकट. आन् म्हैन्याभरानं अचानक येनार मी. पुन्यांदा दिसलं तर मग दुसरा फॉरम काढावा लागंल."

ते जिना उतरले. त्यांच्या बुटांचा आवाज थांबेपर्यंत कुणी हललं नाही, आणि थांबताच सगळे एकदम तिसऱ्या झाडावर तुटून पडले.

"माप!" कोंडीराम ओरडले.

"बाबा, आत्ता?"

"माप घेतल्याबिगर नाही!"

दिगूनं टेपचं दुसरं टोक धरलं. "सात फूट दोन," तो म्हणाला, आणि वडिलांच्या वहीत त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं : नुसतं पाणी, सात फूट दोन इंच.

चहा खरोखरच सावकाश झाला. द्वारकाबाईंनी त्यात पोह्यांची भर घातली, पोह्यांवर शेव, शेवेवर पुन्हा चहा. हवालदार परत वर आले तेव्हा टाकीमागे ओली फरशी होती, आणि पूर्णिमा तीवर पुन्हा एकदा पाणी मारत होती. त्यांनी मान डोलावली. दिगूनं फॉर्मवर सही केली. सहीशेजारी मासळीच्या रसाचा अंगठा उमटला. "ऱ्हाऊ द्या," हवालदार म्हणाले, "वळख पटतीया." मग जरा अडखळत त्यांनी विचारलं, "बाबा, एखादं क्यान मिळंल का? अंजिराला?"

"एक नंबरातलं देतो," कोंडीराम म्हणाले. "चार नंबर आज नका नेऊ."

"आज न्हाईच," हवालदार म्हणाले, आणि आता मात्र ते हसले.

*

तीन वाजता पूर्णिमा वाळलेले कपडे काढायला वर गेली. घरातले सगळे जेवून आडवे झाले होते. मथुराबाई गुडघ्याला साधं तिळाचं तेल चोळून घेत होती, द्वारकाबाईंकडून, आणि दोघी कुणाच्या तरी लग्नातल्या जेवणावरून भांडत होत्या.

दोरीवरच्या साड्यांपलीकडे, सावलीत, बाप-लेक बसले होते. दिगूनं तीनदा आंघोळ केली होती आणि तरी त्याला वास येतच होता.

"तिकडची माती कशी असते रे?" कोंडीरामांनी विचारलं.

"कुठली?"

"तू जाऊन राह्यला तिथली."

पूर्णिमा साडीवरचा चिमटा काढता काढता थांबली.

"माहीत नाही, बाबा. कंपनीचं अपार्टमेंट आहे. तिसरा मजला."

"बाल्कनी?"

"असेल."

"कोणत्या दिशेले?"

दिगूला हसू फुटणार होतं. त्यानं वडिलांकडे पाहिलं, आणि ते फुटलं नाही. "विचारतो," तो म्हणाला. "उद्याच मेल करून विचारतो."

"पूर्वेले असन तर मिरची होईन. दक्षिणेले असली तर वांगंही होते." कोंडीराम दूरवर कुठंतरी बघत होते, धानोरीच्या टेकड्यांकडे, किंवा त्यांच्याही पलीकडे. "बर्फ पडते म्हणे तिकडे?"

"चार महिने."

"चार," कोंडीरामांनी बोटांवर हिशेब केला. "मंग आठ उरतात ना."

पूर्णिमानं हातातली वाळलेली साडी पुन्हा दोरीवर टाकली, चिमटा लावला, आणि पावलं न वाजवता ती तशीच खाली उतरली.